बंदूक हातात असली म्हणून घाई कशाला?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की नेटवर अनोळखी पोरांना शिव्या देत खेळायच्या गेम्सबद्दल मला विचारू नका. त्यातलं मला कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. एकट्यानं बसून, बंदूक हातात घेऊन, पहिल्या मिशनपासून शेवटापर्यंत एक गोष्ट खेळत न्यायची, त्या कॅम्पेनबद्दल मात्र काहीही विचारा. पत्रं आली, मेसेज आले, एक गृहस्थ तर सात रस्त्याच्या दुकानातच येऊन बसले आणि चहा संपेपर्यंत उठले नाहीत. जागेपुरते पाच प्रश्न घेतोय. नव्या वाचकांसाठी ओळख एवढीच : २००३ ते २०११ सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत माझा सहा मशीनचा नेट कॅफे होता, आता कॉम्प्युटर दुरुस्त करतो.

प्रश्न : मी ५३ वर्षांचा, बँकेत नोकरीला. मुलगा पुण्याला गेला, त्याचा कॉम्प्युटर घरी राहिला. त्यात ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ होता. रात्री जेवणं झाली की तासभर खेळतो, ईझीवर. दिवाळीत मुलगा आला आणि बघून म्हणाला, ‘बाबा, ईझीवर खेळणं म्हणजे न खेळल्यासारखंच.’ तेव्हापासून मजा गेली. हार्डवर लावला तर पाऊल टाकलं की मरतो. काय करावं? (जुळे सोलापूर)

उत्तर : साहेब, ईझीवरच खेळा. ही थट्टा तुमच्या मुलानं काढलेली नाही, फार जुनी आहे. १९९२ साली ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ आला, त्यात सगळ्यात सोपी पातळी निवडायला गेलं की नायकाच्या डोक्यावर तान्ह्या बाळाचं टोपडं आणि तोंडात चोखणी दिसायची. म्हणजे करणारेच गिऱ्हाइकाला चिडवायचे. तुमचा गेम त्या मानानं सभ्य आहे. सुरुवातीला लाकडी फळ्यांची खोटी बोट उभारून तिच्यात तुम्हाला पळवतात आठवतं? तिथं तुमचे सेकंद मोजतात आणि त्यावरून गेम स्वतःच सांगतो, की तुम्ही अमुक पातळीवर खेळा. डॉक्टरनं चष्म्याचा नंबर काढून द्यावा तसं. कमी नंबरचा चष्मा लावला म्हणून कोणी शूर ठरत नाही.

ईझीत एक खोट मात्र आहे. मरायची भीती नसली की माणूस पळत सुटतो, आणि पळत सुटला की गेम संपतो पण दिसत काही नाही. ‘ऑल घिलीड अप’ नावाचं मिशन तुम्ही खेळला असाल. अंगावर गवत बांधून दोघं जण रानातून सरपटत जातात, कॅप्टन मॅकमिलन कानाशी हळू आवाजात सांगत असतो, थांब, आता चल. शत्रूची गाडी आणि पायदळ समोरून येतं, आणि आपण गवतात पालथे पडून ते जाईपर्यंत नुसतं बघायचं. तिथं नेमाची परीक्षा नाही, दमाची आहे. ईझीवरही छातीत तितकंच धडधडतं. हे सगळं घडतं ते गाव प्रिप्यात, चेर्नोबिलच्या अणुभट्टीशेजारचं, १९८६च्या अपघातानंतर रिकामं केलेलं. ते खरं गाव आहे. पुढच्या मिशनमध्ये जो जत्रेतला मोठा पाळणा लागतो तोही खरा, अजून तिथं उभा आहे. आपल्याकडे गड्ड्याची जत्रा उठल्यावर होम मैदानावर मागे राहिलेला एखादा पाळणा संध्याकाळी बघितला असेल, वायरी लोंबताहेत, खाली कणसांची सालं पडलीत, तर ती जागा अंगावर कशी येते हे तुम्हाला सांगायला नको. पळत गेलात तर हा पाळणा म्हणजे नुसता लपायचा आडोसा.

एक करा. सगळा गेम ईझीवर संपवा. मग मिशनच्या यादीतून ‘ऑल घिलीड अप’ हे एकच मिशन काढून वरच्या पातळीवर खेळा. वाटा पाठ झालेल्या असतात, जमतं. आणि चिरंजीव पुढच्या दिवाळीला आले की त्यांना ते खेळायला बसवा, तुम्ही मागे खुर्ची टाकून मॅकमिलन व्हा.

प्रश्न : शाळेत असताना कॅफेत ‘आयजीआय’ खेळायचो, पूर्ण कधीच झाला नाही. आता चौतिशीत घरी लावलाय. पण मिशनच्या मध्ये सेव्हच करता येत नाही! पस्तीस मिनिटं जपून जायचं आणि कुठल्या तरी टॉवरवरून एक गोळी, की पुन्हा पहिल्यापासून. मित्र म्हणतो चीट कोड टाक, म्हणजे गोळी लागली तरी न मरायची पळवाट. टाकू का? (अक्कलकोट रोड)

उत्तर : थांबा, टाकू नका. आधी माझं ऐका.

‘आयजीआय’ आला २००० सालच्या डिसेंबरात. नॉर्वेतल्या एका कंपनीनं केलेला, चौदा मिशनं, नायक जोन्स, आणि एकट्यानंच खेळायचा. जोडीनं खेळायची सोयच नव्हती. तरी आमच्या कॅफेत एका मशीनमागे पाच पोरं उभी असायची. मध्ये सेव्ह नाही ही तक्रार तेव्हाही होती. २००३च्या दुसऱ्या भागात त्यांनी सेव्ह दिले, तेही मोजून. आणि इथं सोलापुरात वर लोडशेडिंग! मंडळाचं वेळापत्रक मी दारावर चिकटवलेलं असायचं, पण त्या वेळापत्रकावर मंडळाचाही विश्वास नसावा. यूपीएस दोनच मशीनला, तोही सात मिनिटं.

पूर्व भागातला एक पोरगा शनिवारी यायचा. आठवीत असेल. वडील यंत्रमागावर. पंधरा रुपये तास होता, तो अर्ध्या तासाचे आणायचा, साडेसात रुपये मोजून, आणि वहीची दोन पानं. बाकीची पोरं बसल्या बसल्या धाडधाड सुरू करायची. हा पहिली दहा मिनिटं गोळीच झाडायचा नाही. टेकाडावर पडून दुर्बीण लावायचा, आणि पहारेकरी चालू लागला की तोंडानं तेलुगूत मोजायचा, ‘ओकटी, रेंडू, मूडू…’ किती आकड्यांनी वळतो ते पानावर लिहायचा. कुंपण, टॉवर, कॅमेरा, सायरनचं बटण कुठल्या खोलीत, सगळं पेन्सिलीनं. सायरन झाला की बराकीतून माणसं निघतात, म्हणून बराकीच्या दाराला फुली. मागची पोरं ओरडायची, ‘मार की बे!’ तो ढुंकून बघायचा नाही.

एका शनिवारी शेवटच्या कुंपणापर्यंत पोचला होता. कॅफेत चिटपाखरू बोलत नव्हतं. आणि लाईट गेली. त्याचं मशीन बिनयूपीएसचं. मला वाटलं आता पोरगा रडतो. मी गल्ल्यातून त्याचे पैसे परत काढले. तो उठला, दारातल्या उजेडात गेला, उंबऱ्यावर पान ठेवून काहीतरी लिहिलं आणि मला म्हणाला, ‘अण्णा, तिसऱ्या टॉवरवरचा मागे वळतच नाही.’ पैसे घेतले नाहीत. पुढच्या शनिवारी आला आणि अठरा मिनिटांत मिशन साफ.

तेव्हा तुमची पस्तीस मिनिटं वाया जात नाहीत. सेव्ह गेममध्ये नाही तर कागदावर करायचा. मेलात की टॉवर लिहून ठेवा. चौदाही मिशनं झाली की मग खुशाल चीट टाका आणि दिवसाढवळ्या सगळा तळ उडवा, त्याचीही एक मजा आहे, मी ती पुष्कळदा घेतली आहे.

प्रश्न : भावानं ‘हाफ-लाइफ २’ खेळायला लावला. गोष्ट आवडली, पण वीस मिनिटांत डोकं गरगरतं, मळमळतं. पाण्यावरची ती पंख्याची होडी आली आणि अक्षरशः उठून बाथरूमकडे गेले. भाऊ म्हणतो सवय होईल. (विजापूर रोड)

उत्तर : ताई, भावाचं ऐकू नका, दम धरून बसल्यानं हे वाढतं. डोळे सांगतात आपण वेगानं जातोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण खुर्चीत बसलोय. या भांडणात पोट सापडतं. ज्यांना घाटात एसटी लागते त्यांना बहुतेक हेही लागतं.

पहिला उपाय सेटिंगमध्ये. ‘फील्ड ऑफ व्ह्यू’ म्हणून एक आकडा असतो, समोरचं जग किती अंशांत दिसावं याचा. तुमचा गेम मूळचा ७५वर येतो. सोफ्यावरून टीव्ही बघणाऱ्याला आकडा कमी चालतो, पण आपण टेबलाला नाक लावून बसतो, त्यामुळे पाइपातून बघितल्यासारखं होतं. ९० करा, बऱ्याच जणांचं निम्मं दुखणं तिथंच जातं. दुसऱ्या गेम्समध्ये चालताना डोकं हलल्याचा परिणाम आणि वळताना चित्र पुसट होणारा ‘मोशन ब्लर’ असतो, ते दोन्ही बंद. माउसचा वेग उतरवा. खोलीत दिवा चालू ठेवा, खुर्ची हातभर मागे घ्या, पंखा तोंडावर येऊ द्या. आणि घाम फुटायच्या आधी, पहिली जांभई किंवा जडपणा आला की तिथंच थांबा. हा गेम कुठंही सेव्ह होतो. होडीचा भाग लांबलचक आहे आणि धडधाकट माणसांनाही लागतो. तो पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून काढा. त्याच्यानंतर लगेच तुम्हाला वस्तू उचलून फेकायची ती बंदूक मिळते. पुढं रेव्हनहोम नावाच्या गावात करवतीची पाती भिरकावत फिराल तेव्हा भावाला बाजूला बसवू नका, तो माउस मागेल.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा. वर्गातली मुलं ‘कॉल ऑफ ड्यूटी’ खेळतात म्हणून हट्ट धरलाय. द्यावा का? (एक आई, होटगी रोड)

उत्तर : नाही. त्या मालिकेतल्या अलीकडच्या गेम्सच्या डब्यावर सतरा वर्षांवरच्यांसाठी असं अमेरिकेतलं रेटिंग असतं, युरोपात अठरा. उगाच नाही छापत. पण नुसतं ‘नाही’ म्हणून मुलगा गप्प बसणार नाही, तो मित्राकडे जाऊन खेळेल, म्हणून ‘पोर्टल २’ द्या, २०११चा. यातही हातात बंदूकच आहे, पण ती भिंतीला भोक पाडते : एका भिंतीत एक दार, दुसऱ्या भिंतीत दुसरं, यातून शिरलं की त्यातून बाहेर. रक्त नाही, कोडी आहेत. अमेरिकेतलं रेटिंग दहा वर्षांवरचं. दोघांनी मिळून खेळायचा वेगळा भागही आहे, तेव्हा तुम्हीही बसा. पहिल्या दिवशी तो तुम्हाला शिकवेल, आठव्या दिवशी तुम्ही त्याला.

प्रश्न : काका, इंजिनीअरिंगला आहे, रूमवर जुना लॅपटॉप, ४ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही. नवीन एकही कॅम्पेन चालत नाही. जुन्या गेम्समध्ये आता काय दम असणार? (अशोक चौक)

उत्तर : का बे, असं कसं म्हणतोस! १९९८चा पहिला ‘हाफ-लाइफ’ लाव. त्याच्या खोक्यावर २४ एमबी रॅम मागितली होती. तुझ्याकडे दीडशेपटीहून जास्त आहे. आधी दोन गोष्टी. चार-पाचशेचा माउस घे, टचपॅडवर नेम धरणं म्हणजे हातमोजे घालून सुईत दोरा ओवणं. आणि लॅपटॉप चादरीवर ठेवून खेळू नकोस. चादर आपल्या गावची, जगात नावाजलेली, पण खालची हवेची जाळी तीच बुजवते. एप्रिल-मे महिन्यात माझ्याकडे येणाऱ्या दहा लॅपटॉपांपैकी निम्मे तरी असेच भाजलेले असतात.

आता गेम. सुरुवातीला काही मिनिटं तू नुसता ट्रामच्या डब्यात उभा आहेस. बंदूक नाही, शत्रू नाही. खिडकीतून ती भलीमोठी प्रयोगशाळा सरकत जाते आणि तू, गॉर्डन फ्रीमन, कामाला उशिरा निघालेला नोकरदार. तुझ्या वयाची पोरं इथंच बटणं दाबत सुटतात, पुढं ढकलायला. ढकलता येत नाही, कारण मध्येच थांबवून सिनेमा दाखवण्याची पद्धतच या गेममध्ये नाही. शेवटपर्यंत सगळं तुझ्याच डोळ्यांनी दिसतं आणि फ्रीमन एक अक्षर बोलत नाही. त्या वेळी बंदुकीच्या गेममध्ये असं फारसं कोणी करत नव्हतं.

ट्राममधून उतरलास की थेट कामावर पळू नकोस. कर्मचाऱ्यांच्या खोलीत जा. तिथं मायक्रोवेव्ह आहे आणि त्यात कुणाचा तरी डबा गरम होतोय. बटण दाब. पुन्हा दाब. पुन्हा. काय होतं ते बघ, शेजारचा शास्त्रज्ञ काय म्हणतो ते ऐक, आणि मग पुढं जा, कारण पुढं बरंच काही वाईट घडणार आहे आणि तू तो डबा विसरशील.

करणारे विसरले नाहीत. २००७ साली ‘हाफ-लाइफ २ : एपिसोड टू’ आला. तोवर जग बुडालंय, शहरं गेलीत, फ्रीमन वीरपुरुष झालाय. त्यात मॅग्नसन नावाचा एक चिडका म्हातारा शास्त्रज्ञ भेटतो. तो एक अवघड काम अंगावर टाकतो आणि म्हणतो, की हे नीट पार पाडलंस तर त्या मायक्रोवेव्हच्या प्रकरणाबद्दल तुला माफ केलं. डबा त्याचा होता.