‘द हू’चा ‘लाइव्ह ॲट लीड्स’ : मूळ सहा गाण्यांची एलपी ऐकावी की संपूर्ण कार्यक्रम?

आपल्या प्रश्नातील एक शब्द मला बोचला, म्हणून हे उत्तर लिहीत आहे. आपण विचारता की आता संपूर्ण कार्यक्रम सहज मिळत असताना ‘द हू’ या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाची १९७०ची ती ‘कापलेली’, सहाच गाण्यांची एलपी (लांब तबकडी) कोणी का ऐकावी. माझे उत्तर असे, की तीच आधी ऐकावी, सलग ऐकावी आणि संपूर्ण कार्यक्रम नंतर कधीतरी सवडीने ऐकावा. ती एलपी कापलेली नाही, निवडलेली आहे. या फरकावरून मी एका माणसाशी लीड्समध्येच इतका भांडलो आहे, की हा विषय निघाला म्हणजे मला गप्प बसवत नाही.

१९६९मध्ये ‘टॉमी’ हा गाण्यांतून एकच कथा सांगणारा अल्बम आल्यानंतर ‘द हू’ या चौघांचे नाव रॉक ऑपेराशी कायमचे जोडले गेले आणि ते जेथे जातील तेथे ‘टॉमी’ जवळजवळ पूर्ण वाजवू लागले. त्या वर्षीच्या अमेरिकेच्या दौऱ्यात ध्वनियंत्रणा सांभाळणाऱ्या बॉब प्रिडनने कार्यक्रम ध्वनिमुद्रित करून ठेवले होते, आणि त्यांतून एक अल्बम काढण्याचा विचार होता. परंतु तासन्‌तास चालणाऱ्या त्या फिती ऐकून त्यांतून निवड करण्याच्या कल्पनेनेच गिटारवादक आणि मुख्य गीतकार पीट टाउन्झेंड वैतागला आणि त्याने प्रिडनला त्या सगळ्या जाळून टाकायला सांगितले. चोरट्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्यांच्या हाती त्या पडू नयेत, हाही हेतू होताच. मग इंग्लंडमध्ये लागोपाठ दोन कार्यक्रम ध्वनिमुद्रणासाठी ठरवले गेले. १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठाच्या रिफेक्टरीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात, आणि दुसऱ्या दिवशी हल्लच्या सिटी हॉलमध्ये. हल्लच्या फितीवर सुरुवातीच्या काही गाण्यांत जॉन एंटविसलचा बेस (खालच्या सुरांची गिटार) उतरलाच नव्हता, त्यामुळे लीड्सचे पारडे आपोआप जड झाले.

येथवरचे सगळे बहुतेकांना ठाऊक असते. पुढची गोष्ट मात्र बोलली जात नाही. टाउन्झेंडच्या हाती त्या रात्रीचा सुमारे दोन तासांचा कार्यक्रम होता आणि दोन तबकड्यांचा अल्बम काढण्याचा विचारही झाला होता. ‘टॉमी’ जगभर गाजत असताना तोच मंचावरून पुन्हा विकणे हा व्यापाराच्या दृष्टीने सरळ मार्ग होता. त्याने ‘टॉमी’ पूर्ण वगळला. चाळीस मिनिटांच्या आत बसणारी सहा गाणी ठेवली आणि त्यांतली तीन तर त्यांची स्वतःचीही नव्हेत. ‘यंग मॅन ब्लूज’ मोझ ॲलिसनचे, ‘समरटाइम ब्लूज’ एडी कॉक्रनचे आणि ‘शेकिन ऑल ओव्हर’ जॉनी किडचे. उरलेली तीन, म्हणजे ‘सब्स्टिट्यूट’, ‘माय जनरेशन’ आणि ‘मॅजिक बस’, ही त्यांची. ऑपेराकार म्हणून गौरवल्या गेलेल्या वाद्यवृंदाने आपण मुळात कोण आहोत हे सांगण्यासाठी केलेली ही मांडणी आहे. हिला कापाकापी म्हणणाऱ्याने ती लक्ष देऊन ऐकलेली नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता माझी हकीकत. मी मूळचा इचलकरंजीचा. वस्त्रतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी लीड्सला गेलो, कारण आमच्याकडे यंत्रमागाच्या धंद्यातल्या माणसांना लीड्स हे नाव कापडामुळे माहीत असते, रॉक संगीतामुळे नव्हे. ज्या रिफेक्टरीत हा कार्यक्रम झाला तेथे मी दुपारचे जेवण घेत असे, आणि त्या काळी तेथे या कार्यक्रमाची खूण म्हणून काहीही नव्हते. भिंतीवरची निळी पाटी २००६मध्ये आली, ‘द हू’ तेथे पुन्हा वाजवायला आले त्या वर्षी. तोपर्यंत मी परतलो होतो. लांबलचक टेबले, ट्रे घेऊन उभी असलेली रांग आणि उकडलेल्या कोबीचा वास; जगातील सर्वांत नावाजलेले लाइव्ह ध्वनिमुद्रण येथे झाले असेल, असे वाटण्याजोगे तेथे काही नव्हते.

लीड्सच्या हेडिंग्ली भागात आम्ही दोघे मराठी विद्यार्थी एका घरात राहत होतो. माझा रूममेट नागपूरचा, वयाने मोठा, हिंदुस्थानी संगीताचा जाणता आणि प्रत्येक गोष्ट ‘पूर्ण’ असलीच पाहिजे या मताचा. त्याच्याकडे २००१मध्ये निघालेली दोन सीडींची आवृत्ती होती. तिच्यात कार्यक्रमातील गाणी आहेत, परंतु क्रम बदललेला आहे. प्रत्यक्षात ‘अ क्विक वन’ हे गाणे संपल्यावर जवळजवळ पूर्ण ‘टॉमी’ झाला आणि त्यानंतर ‘समरटाइम ब्लूज’पासूनचा शेवटचा भाग, सीडींवर मात्र ‘टॉमी’ एकत्र राहावा म्हणून तो दुसऱ्या सीडीवर वेगळा काढला आहे. रूममेटला हे खपत नसे. म्हणून तो पहिली सीडी ‘अ क्विक वन’पर्यंत ऐकवी, मग उठून दुसरी लावी, ती संपल्यावर पुन्हा उठून पहिली लावी आणि बटण दाबत दाबत ‘समरटाइम ब्लूज’वर येई. या उठाबशांना तो ऐतिहासिक क्रमाशी प्रामाणिक राहणे म्हणत असे.

एका शनिवारी त्याने आणखी दोन मित्रांना जेवायला बोलावले, पिठले-भात केला आणि हा सोहळा मांडला. दुसरी सीडी निम्मी झाली तेव्हा एक पाहुणा पेंगत होता आणि दुसरा भांडी घासायला निघून गेला होता. मी म्हणालो की ‘टॉमी’ मंचावर ऐकायला उत्तम आहे, परंतु या लोकांना आज काय ऐकवायचे होते ते तू दोन तासांत पातळ करून टाकलेस. तो चिडला. त्याचे म्हणणे असे, की मी ख्यालातला विलंबित भाग गाळून फक्त द्रुत ऐकवणाऱ्यांपैकी आहे आणि अशाने चढत जाणारी बढत कळतच नाही. ऐकणाऱ्यांना हे वाक्य पटले, हे मला आजही खुपते, कारण त्याला उत्तर होते आणि ते मी त्या रात्री दिलेही, परंतु तोपर्यंत सगळे कोट चढवून दारात उभे होते.

उत्तर असे. मिरज आमच्या गावापासून जवळ, त्यामुळे तेथे स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ गतीच्या तबकड्यांविषयी ऐकतच मी मोठा झालो. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे बसत. खाँसाहेबांनी त्या तीन मिनिटांसाठी रागाची वेगळी मांडणी केली आणि त्या मांडणीला कोणी तोडलेला ख्याल म्हणत नाही. तेथे गवई स्वतः ठरवत होता की थोडक्या जागेत काय ठेवायचे. येथे टाउन्झेंडने तेच केले. दुसऱ्या कोणी कात्री चालवली असती तर मीही रूममेटच्या बाजूने उभा राहिलो असतो.

त्यानंतर काही दिवसांनी मी एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून मूळ एलपी आणली. दुकानदाराने सगळे आहे असे सांगून ती विकली. खरे तर आतल्या पाकिटात बारा कागद असायला हवेत. जुनी भित्तिपत्रके, पत्रव्यवहार, वुडस्टॉक या अमेरिकेतील संगीत महोत्सवाच्या कराराची प्रत इत्यादी. माझ्या प्रतीत त्यांतले मोजकेच निघाले आणि त्यांतल्या एकावर कोणीतरी चहाचा पेला ठेवलेला होता. पण कव्हर शाबूत होते. साधा तपकिरी पुठ्ठा आणि त्यावर तिरपा उमटवलेला रबरी शिक्का. त्या सुमारास चोरट्या एलपी असल्याच कोऱ्या कव्हरांत विकल्या जात, आणि ‘द हू’नी आपल्या अधिकृत अल्बमलाच तो वेष चढवला. तबकडीच्या मधल्या लेबलवर हाताने लिहिलेली सूचना आहे, की खरखर ऐकू आली तर ती तशीच राहू द्यावी, दुरुस्त करू नये. एंटविसलच्या बेसच्या वायरीतून येणारा तो चटचट आवाज ‘शेकिन ऑल ओव्हर’मध्ये स्पष्ट कळतो. पुढे सीडीसाठी तो संगणकाने काढून टाकला गेला, आणि सीडीच्या लेबलवर खरखर दुरुस्त केली आहे असे छापले गेले. रूममेटला ही दुरुस्ती प्रगती वाटते. मला ती वाटत नाही.

आता ऐकावे काय, तेही सांगतो, कारण आपण कदाचित तेवढ्यासाठीच विचारले असेल. ‘यंग मॅन ब्लूज’पासून सुरुवात करा. रॉजर डॉल्ट्री एक ओळ एकटाच गातो, मागे कोणतेही वाद्य नाही. ओळ संपते, क्षणभर काहीच नाही, आणि मग तिघे एकदम कोसळतात. पुन्हा तेच, पुन्हा तेच. ती मधली शांतता नीट ऐका. दर वेळी ती किती लांबेल हे आधी सांगता येत नाही, तरीही तिघे एकाच क्षणी परततात. ड्रमवादक कीथ मून सरळ ठेका धरून बसत नाही, तो गायकाच्या ओळीमागे धावतो आणि मध्ये मोकळी जागा सापडली की ती भरून टाकतो. मग ठेका कोण धरतो? बऱ्याचदा टाउन्झेंडची गिटार, कारण या संचात दुसरा गिटारवादक नाहीच आणि एकट्याला सूरही द्यावे लागतात आणि लयही. त्यामुळे एंटविसलचा बेस मोकळा सुटतो आणि मुख्य वाद्यासारखा धावतो. स्टिरिओत बेस एका बाजूला आणि गिटार दुसऱ्या बाजूला ठेवली आहे; हेडफोनचा एक कान काढून ऐका, मग दुसरा काढून ऐका. ‘समरटाइम ब्लूज’मध्ये मालकाच्या तोंडची वाक्ये खर्जात म्हणणारा आवाजही एंटविसलचाच आहे.

दुसऱ्या बाजूचे ‘माय जनरेशन’ सुमारे पंधरा मिनिटांचे आहे. मूळ गाणे लवकरच संपते आणि पुढे सगळा खेळ सुरू होतो. ‘टॉमी’तील ‘सी मी, फील मी’ मध्येच येते, टाउन्झेंड एखादा तुकडा वाजवून थांबतो, सभागृहातून प्रतिध्वनी येतो आणि तो त्या प्रतिध्वनीला उत्तर देत पुढे जातो. भोजनगृहाच्या भिंतींना त्या रात्री वाद्यासारखे वापरले गेले. टाळ्या मात्र फार ऐकू येत नाहीत, आणि बरेच झाले. लाइव्ह अल्बमात श्रोत्यांचा गजर भरून उत्साह दाखवणे मला नेहमीच स्वस्त वाटत आले आहे. न्यूयॉर्क टाइम्समध्ये समीक्षक निक कोहनने या एलपीला आजवरचा सर्वोत्तम लाइव्ह रॉक अल्बम म्हटले होते, ते याच सहा गाण्यांच्या जोरावर. तेव्हा बाकीची गाणी कोणी ऐकलीही नव्हती.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ‘माय जनरेशन’मध्ये ‘टॉमी’चे तुकडे येतात ते थोड्याच वेळापूर्वी जवळजवळ सगळा ‘टॉमी’ वाजवून झाला होता म्हणून, आणि संपूर्ण कार्यक्रम ऐकणाऱ्याला त्या जागेचा दाब अधिक कळतो. त्याचप्रमाणे ‘अ क्विक वन’ आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीचे, एंटविसलने लिहिलेले ‘हेवन अँड हेल’ ही दोन गाणी एलपीत नाहीत याची मलाही खंत आहे. ज्यांना ‘टॉमी’ स्टुडिओत फार गुळगुळीत वाटतो त्यांनी तर २००१ची आवृत्ती घ्यावीच. ती ऐकू नका असे मी म्हणत नाही. ती ऐकल्याशिवाय एलपी अपुरी राहते, या दाव्याला माझा विरोध आहे.

हल्लच्या कार्यक्रमाबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. चाळिसाव्या वर्षानिमित्त २०१०मध्ये निघालेल्या मोठ्या संचात तो आला आणि वाजवणे लीड्सइतकेच तगडे आहे. मात्र सुरुवातीच्या ज्या गाण्यांत बेस उतरला नव्हता, तेथे लीड्सच्या फितीवरचा बेस आणून बसवला आहे. कामगिरी सफाईची आहे आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही. परंतु जे लोक अखंड, अस्सल आणि मूळ क्रमातील कार्यक्रमाचा आग्रह धरतात, त्यांनी एका रात्रीची गिटार आणि दुसऱ्या रात्रीचा बेस यांना काय म्हणायचे ते ठरवावे. माझ्या रूममेटकडे तो संच आहे. मी त्याला हे विचारले आहे, आणि त्याचे उत्तर अजून यायचे आहे.