‘आभारी’, ‘ऋणी’ आणि ‘मिंधा’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात का?

येत नाहीत. अर्ज वेळेत मंजूर झाला, एवढ्यावरही ‘आभारी’ हा शब्द चालतो. ‘ऋणी’ म्हणताना मात्र सहजी न फिटणारे देणे मान्य केलेले असते. २०१९ च्या महापुरात सांगलीत ज्यांनी पूरग्रस्तांना आपल्या घरी आसरा दिला, त्यांच्याविषयी ‘आम्ही त्यांचे ऋणी आहोत’ असेच म्हणणे शोभते, आणि पुढे त्यांच्या अडीअडचणीला धावून जाण्याला ‘उतराई होणे’ म्हणतात. ‘मिंधा’ या शब्दात उपकारामुळे आलेली लाचारी आहे: दुसऱ्याच्या पैशावर निवडून आलेला सरपंच त्याचा मिंधा होतो आणि त्याच्याविरुद्ध ब्रही काढू शकत नाही. त्यामुळे आभारपत्रात हा शब्द, नम्रतेपोटीसुद्धा, कृपया वापरू नये. ‘ऋणी’ लिंगानुसार बदलत नाही. ‘मिंधा’चे मात्र मिंधी, मिंधे होते.