एकोणिसाव्या वर्षी दुखावलेली पाठ

बरेच जण विचारतात, मॅडम, कॉलेजात असताना वजन मारताना कंबर गेली होती, आता चाळिशीत परत दुखतंय, हे जन्मभर असंच का? त्यांच्यासाठी माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एकाची गोष्ट सांगते, ओळख पटू नये म्हणून बारकावे बदललेत.

सांगलीकडचा माणूस, वय 42, बायकोने पाठवलेला. दोन्ही हातांनी खुर्ची धरून, पाठ फळीसारखी ताठ ठेवून हळूहळू टेकला, शर्टाखाली कमरेचा पट्टा. बोलता बोलता पेन पडला तर वाकला नाही, पायाने ओढून जवळ घेतला आणि एकदम गप्प झाला. मग म्हणाला, मॅडम, मी 110 किलोचा जर्क मारायचो हो. जर्क म्हणजे छातीवर घेतलेला बार डोक्यावर नेणं.

तेव्हा तो 19 वर्षांचा, वेटलिफ्टिंगची स्पर्धा आठवड्यावर होती, कंबर धरलेली, पण सरांना कळलं तर टीममधून काढतील म्हणून पेनकिलर खाऊन गेला आणि बार छातीवर घेताना आत काहीतरी कट् झालं. मणक्यातली चकती सरकली, कित्येक आठवडे अंथरुणात, स्पोर्ट्स कोट्यातून पोलीस व्हायचं होतं ते राहिलं. वडील म्हणाले, आता जड काही उचलू नकोस. ते वाक्य त्याने 23 वर्षं पाळलं. लेकीला कधी कडेवर घेतलं नाही, भरलेला सिलेंडर आला की बायको लोळवत आत नेते आणि हा दारात उभा राहून बघतो, ते सांगताना त्याचे डोळे भरले. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या सांगलीच्या संकेत सरगरने एकूण 248 किलो उचलून सिल्व्हर आणलं, जर्कच्या वेळी त्याचा कोपर गेला, सगळं गाव टीव्हीपुढे आणि याने टीव्ही बंद केला. बायकोला वाटलं हा जळतो. तो बाथरूममध्ये रडत होता.

आता नवीन एमआरआयमध्ये 'डिस्क बल्ज', म्हणजे चकती फुगलेली, असं लिहून आलं आणि तो पार हादरला. त्याला मी सांगितलं, कुठलंही दुखणं नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एक मोठा आढावा 2015 मध्ये आला होता, त्यात चाळिशीतल्या निम्म्या लोकांमध्ये बल्ज दिसला होता. म्हणजे दुखणं खोटं असं अजिबात नाही, पण रिपोर्टवरचा शब्द म्हणजे अपंगत्व नव्हे. सतत जपत राहिलं की स्नायू कमजोर होतात, मेंदू प्रत्येक वाकण्याला धोका समजतो आणि दुखणं वाढतं. हां, पायातली ताकद जात असेल, जांघेत बधिरपणा असेल, लघवीवर ताबा राहत नसेल तर समुपदेशन वगैरे सोडा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

त्याच्या डॉक्टरांनी व्यायामाला हो म्हटलं, फिजिओथेरपिस्टने आधी रिकामी बादली दिली, मग पाव, मग अर्धी. माझ्याकडे आम्ही त्या 19 वर्षांच्या पोराबद्दल बोललो. तो स्वतःलाच माफ करत नव्हता, गोळी खाऊन का गेलो, का गेलो. मी विचारलं, तुझ्या लेकीने असं केलं असतं तर तिला काय म्हणाला असतास? बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, जवळ घेतलं असतं.

दुखणं पूर्ण गेलं नाही. लांबच्या एसटी प्रवासानंतर कंबर अजून धरते, पण पट्टा सुटलाय. आणि ज्या लेकीला तो वर्षभर वेटलिफ्टिंगला नाही म्हणत होता तिला स्वतः घेऊन गेला, सरांना पहिल्याच दिवशी सांगितलं, हिला दुखलं तर ती बोलणार आणि तुम्ही ऐकायचं. मुलींचा बार 15 किलोचा असतो. तिला पकड जमेना तेव्हा याने गुडघ्यात वाकून तो रिकामा बार धरला, अंगठा बोटांच्या आत दाबून, आणि उचलून दाखवला.