.२२ पिस्तूल: नळी सोडा, आधी चेंबर बघा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: २५ मीटरवर ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) अचानक पसरायला लागला, मधूनच रिकामं केस (काडतुसाचं कवच) अडकतं, आणि दोनदा नळी चकाचक करूनही उपयोग नाही. उलट साफसफाईनंतरची पहिली सिरीज (सलग मारलेल्या गोळ्यांचा संच) सगळ्यात वाईट. मला वाटतं, जिथे फारशी घाण नव्हती तिथे तुम्ही घासत बसलात आणि जिथे आहे तिथे हात लागलाच नाही.

.२२ एलआर (लाँग रायफल) काडतुसाची गोळी केसच्या तोंडाइतकीच जाड असते आणि तिच्यावरचं मेण बाहेरून, उघडंच असतं. प्रत्येक राऊंडबरोबर (काडतुसाबरोबर) थोडं मेण, थोडं शिसं आणि काजळी चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेच्या, पुढच्या टोकाशी जमते. काही शे राऊंडनंतर तिथे कडक कडं तयार होतं. मग राऊंड पूर्ण बसत नाही, कधी गोळी किंचित तिरकी शिरते, कधी केस ओढून काढायला एक्स्ट्रॅक्टरला (केस ओढणाऱ्या आकड्याला) जड जातं. ग्रुप आणि अडकणं, दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा हेच.

तपासणी सोपी आहे, पण ती रेंजवर, फायरिंग लाइनवरच करा, नळी टार्गेटकडे आणि बोट ट्रिगरबाहेर ठेवून. मॅगझीन काढा, चेंबर रिकामं आहे ते डोळ्यांनी बघा, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) मागे अडकवा. आता एक राऊंड बोटाने चेंबरमध्ये सोडा. मॅच पिस्तुलांची चेंबर घट्ट असतात, त्यामुळे शेवटी जरा दाबावं लागेल, तेवढं चालतं. पण रिम (केसच्या बुडाची कड) बाहेर राहून अंगठ्याने जोर करावा लागला, तर कडं आहे. माझ्या पिस्तुलात चांगला एक मिलिमीटर राऊंड बाहेर होता आणि मी महिनाभर स्वतःच्या ट्रिगरला शिव्या घालत होतो!

उपाय: चेंबरमध्ये सॉल्व्हंट लावून पंधरा मिनिटं थांबा, मग ब्राँझचा ब्रश हाताने तिथल्या तिथे चार-पाच वेळा फिरवा आणि चिंधीने पुसा. स्टीलचा ब्रश नको. बोल्टचा चेहरा आणि एक्स्ट्रॅक्टरच्या नखाखालची काजळी टूथपिकने काढा. नळीतून ओल्या एक-दोन चिंध्या आणि एक कोरडी, बस. तीही पुलथ्रूने (नळीतून ओढायच्या दोरीने), चेंबरकडून तोंडाकडे. तोंडाकडून रॉड घालून घासल्याने क्राउन (नळीच्या तोंडाची कड) झिजतो, आणि .२२ च्या नळ्या गोळ्यांपेक्षा अशा रॉडनेच जास्त खराब होतात. शिशाची घाण आहे, नंतर साबणाने हात धुवा.

पहिली सिरीज वाईट का? कोरड्या नळीत मेणाचा थर पुन्हा बसायला दहा-वीस राऊंड लागतात. त्याआधीच्या ग्रुपवरून साइट (नेम धरायचा भाग) हलवू नका. म्हणूनच मॅचच्या आदल्या रात्री मी नळीला हात लावत नाही.

अजून एक विचारतो. ड्राय फायरिंग (काडतुसाशिवाय ट्रिगर दाबायचा सराव) रिकाम्या चेंबरवर करता का? रिमफायरमध्ये, म्हणजे .२२ सारख्या काडतुसांत, फायरिंग पिन रिमवर आदळते. रिम नसेल तर काही पिस्तुलांत ती थेट चेंबरच्या काठावर बसते आणि तिथे खड्डा पडून बर (धातूची खरखरीत कड) उठते. नखाने काठ चाचपून बघा, खरखर लागली तर आर्मररकडे (शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडे) न्या, घरी कानस चालवू नका.

काडतुसांचं म्हणाल तर, हाय व्हेलॉसिटी (जास्त वेगाची) वापरत असाल तर थांबवा. स्पोर्ट पिस्तुलाची स्प्रिंग स्टँडर्ड व्हेलॉसिटीसाठी असते. लॉट (काडतुसांची एका वेळी बनलेली खेप) बदलला असेल तरी ग्रुप बदलतो, पेटीवरचा नंबर बघा. मे महिन्यात पेटी गाडीच्या डिकीत राहिली होती का? मेण वितळून ओघळतं आणि मग नळीत शिसं चिकटायला लागतं. आपल्याकडे हे खूप होतं.

राऊंड फुटला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा.

हे सगळं झालं की साइटचे आणि ग्रिपचे स्क्रू तपासा (हसू नका, मी फसलोय). मग वीस राऊंड मारून, वाळूच्या पिशवीवर हात टेकून, पाच-पाचचे पाच ग्रुप काढा. प्रिसिजन टार्गेटवर दहाचं वर्तुळ ५० मिलिमीटरचं असतं. धड पिस्तूल आणि जमलेला लॉट असेल तर टेकवून मारलेला ग्रुप त्यात सहज मावायला हवा. टेकवून मावला आणि उभ्याने पसरला, तर पिस्तुलाची चूक नाही. कागदांचे फोटो टाका, लॉट नंबरासकट.