सोर्सकोड खुला आहे, प्रोग्राम फुकट आहे, तरी डेबियन तो का घेत नाही?

तुम्ही मराठी टायपिंग शिकवणारा प्रोग्राम लिहिलात, सोर्सकोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ लिहिलेला मजकूर, सगळ्यांसाठी ठेवलात, आणि लायसन्समध्ये 'शैक्षणिक व अव्यावसायिक वापरासाठी मोफत' असं लिहिलंत. आता डेबियनच्या (ही लिनक्सवरची, स्वयंसेवकांनी चालवलेली ऑपरेटिंग सिस्टिम) मेन, म्हणजे मुख्य विभागात तो चालणार नाही असं उत्तर आलंय. वाईट वाटणारच. मी काही वर्षं पॅकेजिंग, म्हणजे प्रोग्राम डेबियनमध्ये बसेल असा बांधून द्यायचं काम, करतोय, म्हणून सांगतो: अडलंय ते 'अव्यावसायिक' या एका शब्दापाशी.

तालुक्याच्या गावातला टायपिंग क्लास डोळ्यांसमोर आणा. पोरं सरकारी परीक्षेची तयारी करतात, क्लासवाला महिन्याची फी घेतो. म्हणजे तो व्यावसायिक झाला. ज्याला तुमचा प्रोग्राम सगळ्यात जास्त हवाय, त्यालाच तुम्ही दाराबाहेर ठेवलंत. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून विकणारा दुकानदारही तसाच अडकतो. मेनमधलं काहीही वापरा, बदला, विका, कुणाला विचारायला नको, असा डेबियनचा शब्द आहे. १९९७ मध्ये ठरलेल्या त्यांच्या नियमांत स्पष्ट आहे की लायसन्सने कुठल्याही माणसाला किंवा कुठल्याही कामाला वगळता कामा नये. नॉन-फ्री म्हणून वेगळा विभाग आहे, पण तो अधिकृतपणे डेबियनचा भाग धरत नाहीत. फेडोरा ही दुसरी लिनक्स सिस्टिम तर अशा अटीचं सॉफ्टवेअर घेतच नाही.

हेतू चांगला असला तरी सूट नाही. जेसन ही प्रोग्रामांनी एकमेकांना माहिती देण्याची एक पद्धत. तिच्या मूळ कोडच्या लायसन्समध्ये एक ओळ होती: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावं, वाईटासाठी नाही. वाचायला छान. पण वाईट काय हे ठरवणार कोण? तेवढ्या एका ओळीपायी डेबियनने पीएचपी या वेबसाइटसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेतला जेसनचा भाग काढून त्या जागी दुसरा बसवला. पुढे २०१५ मध्ये पीएचपी ७ ने स्वतःच नवा कोड घेतला. मोंगोडीबीने २०१८ मध्ये लायसन्स बदलून नव्या अटी घातल्या, तेव्हा एवढा मोठा डेटाबेसही डेबियन आणि फेडोराने सोडून दिला.

तुमचा कोड घेऊन कुणी बंद प्रोग्राम विकेल ही धास्ती असेल, तर ती रास्त आहे, पण तिच्यावर इलाज म्हणजे जीपीएल नावाचं लायसन्स. विकणाऱ्याला विकू द्या. बदललेला सोर्स त्याला गिऱ्हाइकाला द्यावाच लागतो. लायसन्सचा पूर्ण मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. इतर कुणी कोड दिला असेल तर बदलाआधी त्यांची लेखी संमती घ्या.

आणि कोड सोडून बाकीचंही बघा. एका पॅकेजमध्ये माझा कोड चोख होता, पण आयकॉनच्या फोल्डरमधली चौदा चित्रं कुठून आली याचा पत्ताच नव्हता. लायसन्स लिहिलेलं नाही म्हणजे मोकळं, असं नसतं. कायद्याने सगळे हक्क मूळ चित्रकाराचेच राहतात. शेवटी चौदाही मी इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्राममध्ये नव्याने काढली, दोन रविवार गेले. तुमच्या प्रोग्राममध्ये फॉन्ट असेल, बटण दाबल्यावर वाजणारा आवाज असेल, सरावासाठी कुणाच्या पुस्तकातले उतारे घेतले असतील, तर ते आधी तपासा. नवं पॅकेज आत घेताना डेबियनची तपासणारी मंडळी कॉपीराइट फाइल बारकाईने बघतात.

लायसन्स बदललंत की इथेच कळवा. पॅकेज बांधायला मी मदत करेन, मराठी टायपिंगचा असा प्रोग्राम मला स्वतःला डेबियनमध्ये हवाय.