पडताळलं, पण कशाशी? ऑडिटच्या आराखड्यातले मराठी शब्द

बडोद्यात सीएची आर्टिकलशिप करणाऱ्या एका मुलीचा प्रश्न आहे. दांडिया बाजारातल्या एका छोट्या पतसंस्थेचं ऑडिट तिच्या फर्मकडे आहे. समितीतली बरीचशी मंडळी मराठी आणि वयाने मोठी. ऑडिटची आखणी कशी केली, कुठल्या चाचण्या का निवडल्या, हे त्यांना मराठीत समजावून द्यायचं आहे. तिने विचारलंय : 'टेस्ट ऑफ कंट्रोल्स' आणि 'सबस्टँटिव्ह प्रोसीजर' या दोन्हींना सरसकट 'तपासणी' म्हटलं तर चालेल का? आणि 'मटेरिअॅलिटी'ला काय म्हणायचं?

सरसकट 'तपासणी' चालणार नाही. 'तपासणी' हा आभाळाएवढा शब्द आहे. डॉक्टरही तपासतात, मास्तरही वह्या तपासतात. आराखड्यात मात्र प्रत्येक कामापुढे त्या कामाने कोणत्या शंकेचं निरसन होणार ते दिसलं पाहिजे, आणि त्यासाठी मराठीत दोन चांगले, वेगळे शब्द आहेत.

पहिला 'चाचणी'. संस्थेने स्वतःला घालून घेतलेला नियम वर्षभर पाळला गेला का, हे बघणं म्हणजे चाचणी. समजा नियम असा की ५०,००० रुपयांवरच्या कर्जाला समितीचा ठराव हवा. आपण काही कर्जप्रकरणं काढतो आणि ठराव आहे का, त्याची तारीख पैसे देण्याच्या आधीची आहे का, सह्या कोणाच्या आहेत हे पाहतो. ही 'नियंत्रणाची चाचणी'. यात कर्जाची रक्कम बरोबर आहे का, ते कर्ज वसूल होईल का, यातलं काहीच कळत नाही. व्यवस्था चालते की नाही, एवढंच कळतं.

दुसरा 'पडताळणी'. आकडा स्वतः खरा आहे का, हे बघण्याचं काम. 'सबस्टँटिव्ह'साठी 'सारभूत कार्यपद्धती' असा प्रतिशब्द तुम्ही कोशातून काढला आहे. तो चुकीचा नाही, पण समितीतल्या आजोबांना त्यातून काही उमगणार नाही. 'पडताळणी' लिहा. पडसाद, पडछाया यांतला 'पड' म्हणजे संस्कृत 'प्रति', आणि 'ताळा' तर गणितात आपण सगळ्यांनीच केलेला आहे. ताळेबंदातही तोच आहे.

या शब्दाचं व्याकरण ऑडिटरच्या फार उपयोगाचं आहे. मराठीत आपण एक गोष्ट दुसरीशी पडताळतो. जिच्यापासून आपण निघतो ती कर्म होते आणि जिच्याकडे जाऊन जुळवून बघायचं तिला 'शी' लागतो. आता ही दोन वाक्यं पाहा. (खतावणी म्हणजे खात्यांची वही, स्थळप्रत म्हणजे संस्थेकडे राहणारी पावतीची प्रत.) 'खतावणीतल्या ठेवी पावत्यांच्या स्थळप्रतींशी पडताळल्या.' 'पावत्यांच्या स्थळप्रती खतावणीशी पडताळल्या.' शब्द जवळपास तेच, काम मात्र उलट. पहिल्यात आपण वहीतून निघतो. वहीत नोंद आहे पण मागे कागद नाही, अशी खोटी नोंद त्यात सापडते. दुसऱ्यात कागदापासून निघतो. पावती दिली, पैसे घेतले, पण वहीत चढवलेच नाहीत, ही चूक फक्त इथेच सापडते. जे वहीत नाहीच ते वहीतून निघून कसं सापडणार?

पतसंस्थेत ही दिशा निर्णायक ठरते. ठेवी म्हणजे संस्थेचं देणं, आणि देण्यात भीती असते ती दडण्याची. म्हणून ठेवींसाठी कागदाकडून वहीकडे जायचं. (पावतीपुस्तकांचा अनुक्रम सलग आहे का हे आधी बघा, नाहीतर अख्खं पुस्तकच नजरेआड राहील.) कर्जं हे संस्थेचं येणं, तिथे भीती फुगवट्याची. नसलेला कर्जदार वहीत उभा केलेला असू शकतो. म्हणून तिथे वहीकडून कर्जखताकडे, आणि पुढे थेट कर्जदाराकडे पत्र पाठवून 'तुमच्याकडे इतकी बाकी आहे हे बरोबर का' असा दुजोरा मागायचा. 'कन्फर्मेशन'ला 'दुजोरा' हा नेमका शब्द आहे, 'पुष्टीकरण' लिहू नका. लेखापरीक्षणाच्या मानकांत (स्टँडर्ड्स ऑन ऑडिटिंग, थोडक्यात एसए) एसए ५०५ हे सबंध मानक बाहेरून मिळवलेल्या दुजोऱ्यावरच आहे.

म्हणून माझा आग्रह : आराखड्यात 'ठेवी व पावत्या पडताळणे' असं कधी लिहू नका. त्या 'व'मध्ये दिशा हरवते. 'शी' लिहिल्याशिवाय वाक्य पुरं झालं असं समजू नका. दोन्ही बाजू सारख्याच तोलाच्या असतील, कुठून निघायचं याला महत्त्व नसेल, तर जुना शब्द 'रुजुवात' आहे. एक प्रत दुसरीशी ताडून दोन्ही जुळल्या की 'रुजू'. मराठेशाहीतल्या कागदांवर हा शेरा भेटतो. बँकेचं पासबुक आणि संस्थेची रोजकीर्द (रोजच्या व्यवहारांची वही) यांचा मेळ घालण्याला मी आजही बेलाशक रुजुवात म्हणेन.

पडताळणीचा आणखी एक प्रकार आहे, ज्यात एकही पावती उघडायची नसते. संस्थेचं कार्यालय दरमहा ४०,००० रुपये भाड्याचं असेल, तर वर्षाचं भाडं ४,८०,००० व्हायला हवं. वहीत ४,४०,००० दिसले तर एक महिना कुठेतरी राहिला. इथे आपण आधी स्वतःचा अंदाज बांधतो आणि वहीतला आकडा त्या अंदाजाशी पडताळतो. एसए ५२० मध्ये हेच सांगितलं आहे : ऑडिटरने अपेक्षित आकडा स्वतंत्रपणे काढावा आणि फरक किती खपवून घ्यायचा ते ठरवून ठेवावं. या अपेक्षित आकड्याला मराठीत 'अजमास' हा किती सुरेख शब्द आहे! पेशवे दफ्तरात 'प्रांत अजमास' नावाचे कागदच आहेत. 'अदमास' त्याचाच भाऊ. 'विश्लेषणात्मक कार्यपद्धती' या लांबलचक जोडीपेक्षा 'अजमासाशी पडताळणी' समितीला चटकन कळेल.

आता चाचणी आणि पडताळणी यांतली निवड. एसए ३१५ प्रमाणे आधी संस्था समजून घ्यायची, चूक कुठे शिरू शकते याची जोखीम जोखायची, मग एसए ३३० प्रमाणे तिला उत्तर द्यायचं. चाचणीत नियम पाळलेला दिसला तर पडताळणी थोडी आटोपती घेता येते. ठरावाविना दिलेली कर्जं निघाली तर पडताळणी वाढवावी लागते. पण ती शून्यावर कधीच आणता येत नाही. जोखीम कितीही कमी वाटली तरी प्रत्येक लक्षणीय प्रकारच्या व्यवहाराची आणि बाकीची काही पडताळणी करावीच लागते, हे एसए ३३० मध्ये स्पष्ट आहे. उलट सगळे व्यवहार संगणकावर आपोआप होत असतील, तर नुसती पडताळणी अपुरी पडू शकते आणि चाचणी टाळता येत नाही. गेल्या वर्षीच्या चाचणीवर विसंबायचं, तर व्यवस्था बदललेली नसली पाहिजे, आणि तरीही प्रत्येक नियंत्रणाची दर तिसऱ्या ऑडिटला निदान एकदा चाचणी हवी. मोठ्या जोखमीच्या जागी ती सवलतही नाही, चाचणी त्याच वर्षीची लागते.

वर 'लक्षणीय' हा शब्द आला. 'मटेरिअॅलिटी'ला काय म्हणायचं, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर तेच : लक्षणीयता. 'भौतिकता' तर मुळीच नको, तो पदार्थविज्ञानाचा शब्द. 'सारभूतता' काही ठिकाणी दिसतो, पण 'सारभूत' तुम्ही आधीच 'सबस्टँटिव्ह'ला दिला आहे, घोळ होईल. ज्या चुकीमुळे हिशेब वाचणाऱ्याचा निर्णय बदलू शकतो ती लक्षणीय चूक. एसए ३२० मध्ये उदाहरणादाखल नफा कमावणाऱ्या उत्पादक उद्योगासाठी करपूर्व नफ्याच्या ५ टक्के आणि ना-नफा संस्थेसाठी एकूण उत्पन्न किंवा खर्चाच्या १ टक्का असे आकडे दिले आहेत. ते नियम नव्हेत, निर्णय ऑडिटरचाच.

'सँपल'ला 'नमुना' ठीक आहे. शितावरून भाताची परीक्षा जमते, कारण सगळा भात एकाच आधणात शिजलेला असतो. म्हणून वेगळ्या शाखेची, वेगळ्या कारकुनाच्या काळातली कर्जं एकाच ढिगात धरू नका. आणि फक्त मोठमोठ्या रकमा निवडल्या तर त्याला नमुना म्हणू नका. नमुन्यात ढिगातल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची संधी हवी, असं एसए ५३० सांगतं. एकच कर्ज अर्जापासून फेडीपर्यंत नेऊन व्यवस्था समजून घ्यायची असेल तर 'वानगीचा व्यवहार' म्हणा.

बडोद्यात राहता म्हणून एक खास सूचना. गुजरातीत ऑडिटला 'अन्वेषण' आणि ऑडिटरला 'अन्वेषक' म्हणतात, तो शब्द मराठीत उचलू नका. आपल्याकडे तो लगेच गुन्हे अन्वेषणाकडे जातो आणि समितीतल्या भल्या माणसांना वाटेल, आपल्यावर पोलीस आले. 'लेखापरीक्षण' किंवा सरळ 'ऑडिट' म्हणा. तसंच 'काचुं सरवैयुं' म्हणजे तेरीज (ट्रायल बॅलन्स) आणि 'पाकुं सरवैयुं' म्हणजे ताळेबंद. दोन्ही जोड्या समितीत तोंडी चालतील, लेखी आराखड्यात मराठीच ठेवा. तिसऱ्या सयाजीरावांच्या काळात, १९३१ साली, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला तेव्हा इंग्रजीसह आठ भाषांतले कारभाराचे शब्द असेच शेजारीशेजारी मांडले गेले. शेजारच्या भाषेचा मान ठेवून आपला शब्द आपला ठेवणं या शहराला नवीन नाही.

तुमच्या आराखड्यातली कर्जांची नोंद मग अशी होईल : 'कर्जमंजुरीच्या ठरावांची नमुन्याने चाचणी, खतावणीतली कर्जबाकी कर्जखतांशी आणि कर्जदारांच्या दुजोऱ्याशी पडताळणे, वर्षाचं व्याज सरासरी कर्जावरून काढलेल्या अजमासाशी पडताळणे.' ठेवींची याच धर्तीवर लिहा, फक्त स्थळप्रती आधी आणि खतावणीला 'शी'.