व्हिनियरसाठी दात किती तासतात?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, मी तासगावची, वय 26. कॉलेजात कबड्डी खेळताना पडले आणि समोरच्या एका दाताचं टोक उडालं. त्याच्यात आणि शेजारच्या दातात फटही आहे. मार्गशीर्षात लग्न आहे. सांगलीत एका ठिकाणी वरच्या सहा दातांना व्हिनियर सुचवलीत. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यात दातांचे नुसते खुंट उरले होते. तेव्हापासून झोप उडालीय. आई म्हणते, चांगले दात कशाला कापून घेतेस? खरंच एवढे तासतात का?

उत्तर : व्हिडिओत तुम्ही पाहिलंत ते बहुधा कॅपचं काम. कॅपसाठी दात चारी बाजूंनी उतरवावा लागतो. व्हिनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायची पोर्सेलिनची पातळ चकती. तिच्यासाठी तासतात तेही समोरूनच. हिरडीजवळ साधारण 0.3 मिलिमीटर, मध्ये 0.5, टोकाकडे 0.7 पर्यंत. मागची बाजू जवळजवळ तशीच राहते.

तरी आईचं ऐकाच. तासलेलं इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, परत येत नाही. आणि व्हिनियर पक्कं बसतं ते इनॅमलवरच. त्याखालच्या मऊ थरापर्यंत, म्हणजे डेंटिनपर्यंत, बर (दात तासायचं फिरतं हत्यार) गेला की पकड कमी होते, गार पाण्याने कळ येते. हिरडीजवळ इनॅमल मुळातच पातळ, म्हणून तिथे हात आवरता घ्यावा लागतो.

आधी तुमच्या दातांचं माप घेऊन प्लास्टरचा साचा बनतो. त्यावर मेणाने नवे दात घडवतात आणि तोच आकार तात्पुरत्या मटेरियलने तुमच्या तोंडात चढवून दाखवतात. याला मॉक-अप म्हणतात. अजून एकाही दाताला बर लागलेला नसतो. आरशात बघा, आईला दाखवा, जरा बोलून पाहा. 'स', 'फ' अडखळले तर तेव्हाच सांगा. तासायची खोली मोजायची ती या नव्या आकारापासून. तुमच्या बाबतीत हे फार कामाचं आहे. टोकाच्या उंचीत पोर्सेलिनसाठी दीडेक मिलिमीटर जागा लागते, ती कबड्डीने आधीच करून ठेवलीय. फटीच्या बाजूला तर भरच घालायची आहे. तिथे फक्त कडा किंचित आत न्यावी लागते, म्हणजे जोड दिसत नाही.

प्रत्यक्ष काम मी असं करते. ठरावीक खोलीच्या बरने मॉक-अपवरच आडव्या खाचा पाडायच्या, खाचांच्या तळाला पेन्सिल फिरवायची, मॉक-अप काढायचा. दातावर जिथे पेन्सिलीची रेघ उरली असेल तिथेच तासायचं, रेघ पुसली की थांबायचं. काही ठिकाणी रेघ उमटतच नाही. तिथे दाताला हातही लावायचा नाही. मग मेणाच्या साच्यावरून कापून घेतलेली पुट्टीची (माप घ्यायच्या रबरासारख्या मटेरियलची) पट्टी दातासमोर धरून पट्टी आणि दात यांमधली जागा सगळीकडे सारखी आहे का बघायचं. शेवटी हिरडीलगत गोलसर कड, कोपरे गुळगुळीत. रंग मात्र सुरुवातीलाच ठरवते, कारण तोंड उघडं ठेवून दात सुकले की पांढरे दिसतात आणि निवड चुकते.

दुखायचं म्हणाल तर इनॅमलमध्ये नस नसते. तरी मी सहसा इंजेक्शन देते; पेशंट दचकला तर बर हलतो.

लॅबमधून व्हिनियर येईपर्यंत, एक-दोन आठवडे, टेंपररी असतात. त्या दिवसांत ऊस, भडंगातले शेंगदाणे पुढच्या दातांनी फोडू नका. हळदीचा रस्साही जपून, टेंपररी पिवळे पडतात. दात उजळवून घ्यायचे असतील तर ते आधी, आणि त्यानंतर चिकटवायच्या कामाला किमान दोन आठवडे थांबायचं.

आता सहाचं. तोंड न बघता मी नक्की सांगणार नाही, पण एक तुटकं टोक आणि एक फट याला सहा दात का, हे विचाराच. कंपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरायच्या मटेरियलने, दोन दात एका बैठकीत होतात, तासणं जवळपास नाही. काही वर्षांनी रंग धरेल, पॉलिश किंवा डागडुजी लागेल. पण पोर्सेलिनचा रस्ता तेव्हाही मोकळाच असेल. लग्न तोंडावर असताना मी माझ्या भाचीला हेच सांगेन. रात्री दात खाण्याची सवय असेल तर ती आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.

प्रश्न : आई मिश्री लावते. दात काळे झालेत. तिला व्हिनियर बसवता येईल का? – विटा

उत्तर : आत्ता नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच; आधी ती बंद. मग दातांची सफाई आणि हिरड्यांवर उपचार, आणि गाल-जिभेवर पांढरा चट्टा वगैरे आहे का याची तपासणी. सफाईनंतर बराचसा काळेपणा तसाच निघतो. मिश्री चालू ठेवून व्हिनियर लावून द्या म्हणणाऱ्यांना मी परत पाठवते.